मशीनच्या नावावर दिलेला निकाल

धुळ्याच्या भूपेंद्र सरांना डॉक्टरेट मिळाली तेव्हा गावाकडचे दोघे-तिघे गुडघे दाखवायला आले होते. मी त्यातला डॉक्टर नाही, सर म्हणाले. मग कशातला? तर संगणकाला नियम लिहून द्यायच्या काही भाषा असतात. त्यांतल्या कुठल्या भाषेत लिहिलं की मशीन उत्तर देऊन हमखास थांबतं आणि कुठल्या भाषेत तशी हमी देता येत नाही, यावर त्यांचा प्रबंध होता.

"थांबत नही तं बटन दाबी द्या ना, सर!" गुडघेवाला म्हणाला. आत सरांच्या बायको, पुनमवहिनी, इतक्या हसल्या की चहा उतू गेला.

माणूस तसा भला. खोड एकच. "माहीत नाही" एवढं म्हणायची वेळ आली की घशात काटा अडकल्यासारखं व्हायचं. रस्ता विचारा, औषध विचारा, उत्तर मिळणारच. दोंडाईच्याला निघालेला एक पाहुणा त्यांनी साक्रीच्या गाडीत बसवून दिला होता म्हणतात. खरंखोटं पाहुण्याला ठाऊक.

तर त्या दोंडाईच्यालाच समाजाचा वधू-वर मेळावा होता. सोयरीक जुळवताना आमच्याकडे पहिला प्रश्न भावकीचा. एका मूळपुरुषाची माणसं ती भावकी, आणि भावकीत लग्न नाही. हे काम पूर्वी म्हाताऱ्या तोंडी करत; दोघी ओट्यावर बसल्या की मतं तीन निघत. म्हणून समाजाने सरांना गळ घातली आणि सर फुलले.

नियम सोपे होते. बाप हा पूर्वज, पूर्वजाचा बाप तोही पूर्वज. दोघांचा पूर्वज एकच निघाला की भावकी. घराघरांतून आणलेली नावं कितीही झाली तरी मोजकीच. मशीन ती सगळी उलटीपालटी करणार आणि थांबणार. उशीर होईल, पण थांबेलच. इथवर प्रबंधाला धरून होतं.

पण बहुतेकांना पणज्याच्या वरचं नावच ठाऊक नव्हतं. सरांना ते अपुरं वाटलं. त्यांनी हौसेने आणखी एक नियम घातला: ज्याच्या बापाचं नाव नाही, त्याला मशीनने एक नवा बाप घडवावा. आता त्या घडवलेल्या बापालाही बाप हवाच की! "नवी नावं घडवायची मुभा दिलीत की थांबायची हमी गेली," असं वर्गात पोरांना बजावणारे हेच सर. चाचणी घेतली तीही स्वतःच्या चुलतभावांवर. भावकीच ती! पूर्वज सापडला की मशीन "हो" म्हणून पटकन थांबायचं. "नाही" म्हणायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नाही.

ती आली भरल्या हॉलात. हेमांगी शिंदखेड्यात औषधांचं दुकान चालवणारी, जितेंद्र एरंडोलचा. दोघांचं पसंत, घरच्यांचंही पसंत. भावकीचं तेवढं बघायचं राहिलं होतं. सरांनी लॅपटॉपवर नावं घातली. हॉलातल्या मोठ्या पडद्यावर गोल चकरी फिरू लागली ती फिरतच राहिली.

"काय सर, तुमनं मशीन झोपी गयं का?" जितेंद्रचे वडील चुडामण आबा ओरडले. हॉल खदखदला. "पोऱ्या म्हातारा व्हई जाई ना भो!"

सरांचे कान लाल झाले. चकरी काही थांबेना. मनात आलं, नको म्हटल्याने कुणाचं काय बिघडतं? दुसरी स्थळं आहेतच.

"भावकी निघते," ते म्हणाले. "सोयरीक नको." आणि चकरी फिरत असतानाच लॅपटॉपचं झाकण लावलं.

हसणं थांबलं. हेमांगी पहिल्या रांगेत होती. ती काळ्या पडद्याकडेच बघत राहिली.

संध्याकाळी घरी झाकण उघडलं तर मशीन त्याच कामाला जुंपलेलं: बिननावाच्या बापाचा बिननावाचा बाप, त्याचा आणखी एक. सरांनी डोक्याला हात लावला. तो जादा नियम खोडला आणि पुन्हा विचारलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं: नाही. दिलेल्या नावांत भावकी नाही. त्यांच्या परीक्षेत एखाद्या पोराने ही चूक केली असती तर सरांनी त्याला शून्य दिलं असतं.

पुनमवहिनींना त्यांनी सगळं सांगितलं. एरवी खो-खो हसणारी बाई हसली नाही. हेच सरांना जास्त लागलं.

"मशीन चुकलं असतं तर एक वेळ चाललं असतं," त्या म्हणाल्या. "पण मशीन गप्प होतं हो. तुम्ही कशाला त्याचं नाव पुढे केलंत?"

सकाळी सर शिंदखेड्याच्या दुकानात उभे राहिले. हेमांगीने गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि सरांचं सगळं ऐकून घेतलं.

"पडद्यावर काहीच आलं नव्हतं, मला दिसत होतं," ती म्हणाली. "वाटलं, एवढे शिकलेले सर, त्यांना आधीच कळलं असेल. घरी आल्यावर मीच आईची समजूत काढली."

"मी माफी—"

"मला एकटीला सांगून काय होणार, सर? तुम्ही हॉलभर सांगितलंत. एरंडोलला जा."

एरंडोलला आबांच्या ओट्यावर शेजारीपाजारी जमलेच. सर आले म्हटल्यावर कोण घरात बसतो? सरांनी चकरीपासून सगळं सांगितलं.

"म्हंजे भावकी नही?" आबांनी विचारलं.

"नाहीच" हा शब्द सरांच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. "माझ्याकडे जी नावं आहेत, त्यांत नाही. पणज्याच्या वरचं मला माहीत नाही, आबा."

"वरनं तं आमले बी माहीत नही. मंग हाई त्याच दिवशी का बरं सांगं नही?"

"लाज वाटली. सगळे हसत होते."

"आनि आते?"

सर चपलेकडे बघत म्हणाले, "आता जास्त वाटते."

ओट्यावर कोणी हसलं नाही. आबांनी मुलाकडून फोन मागवला, हेमांगीच्या वडिलांना, बन्सीलालभाऊंना लावला, आवाज मोठा केला आणि तो सरांच्या हातात दिला.

"बठ्ठं सांगा, काही सोडू नका," ते म्हणाले. "आम्ही आयकी राह्यनूत."

"हॅलो, कोण?" बन्सीलालभाऊ विचारत होते.

"मी भूपेंद्र," सर म्हणाले. "मेळाव्यात मी खोटं बोललो, भाऊ."