जळक्या वासाची बाटली

थंडी सरली की ट्यूनिस शहराजवळच्या आमच्या नाबुल गावातल्या सगळ्या गल्ल्यांना एकच वास येतो. कडू नारिंगाची झाडं फुलतात आणि घरोघरी माळ्यावरचं तांब्याचं भांडं खाली उतरतं. त्यात फुलं शिजवून वर्षाचं फुलपाणी काढून ठेवायचं. कॉफीत, मिठाईत, पाहुण्यांच्या हातांवर, तापातल्या पोराच्या कपाळावर, सगळीकडे तेच लागतं. ज्या घरात ते निघत नाही त्या घरच्या बाईला आमच्याकडे आळशी म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. त्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी संप केला आणि फुलपाणी काढायला बसले आमचे हे.

यांचं नाव तिजानी. इथं लिहितेय तेवढंच, हाक कधी मारली नाही. आमच्या वयाच्या बायकांचं खोकून भागतं.

हे जन्मभर ट्यूनिसच्या बसवर ड्रायव्हर होते. नोकरी सुटली, पण बस यांच्या अंगातून उतरली नाही. पहाटेच्या अजानआधी उठायचे, दाढी करायचे, बूट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. कुठं निघालात विचारलं तर म्हणायचे, कुठं नाही. आम्ही दोघं यांच्या बहिणीकडे निघालो की मी अर्ध्या वाटेवर असताना हे तिथं कॉफी पिऊन परत येताना भेटायचे. मी सकाळभर वाफेवर शिजवलेला रव्याचा कुसकुस मी बसायच्या आत संपलेला असायचा. चव कशी होती? तर म्हणे, गरम होता.

हिवाळ्यात यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून घरी आले ते डॉक्टरांची ताकीद घेऊन: आता धावपळ बंद. हे मान डोलावून आले. मान डोलवायला यांना कधीच त्रास झाला नाही.

मग एक दिवस भाकर मोडता मोडता म्हणाले, सोमवारपासून खमीसची गाडी चालवणार आहे. खमीस म्हणजे यांचा बसवरचा जुना जोडीदार. त्यानं वडापची गाडी घेतली होती, माणसं भरून ट्यूनिसला न्यायची आणि रिकामी झाली की परत भरायची. मी भाकरीचा पुढचा तुकडा यांच्यापुढं सरकवला. यांना नको म्हटलं की हे आधी निघतात. हे रस्त्यात कुठंतरी एकटे कोसळतील ही भीती होतीच. शिवाय, ज्या माणसाचं ताट झाकून मी म्हातारी झाले तो आत्ता कुठं घरी आला होता, आणि नीट बसायच्या आतच पुन्हा निघाला होता.

शनिवारी फुलं आली. ती चादरीवर पसरून ठेवली तरी फार थांबत नाहीत, त्यांना माझ्या गुडघ्यांची काय पर्वा. लेकी लांब सासरी. मी भांड्याकडे बघत उसासा टाकला. तो थोडा मोठा टाकला असेल. हे म्हणाले, "शेगडीपुढं बसायचं एवढंच ना? दुपारच्या आत उरकतो."

आणि उरकलंच. अर्धी फुलं आणि पाणी भांड्यात भरलं, झाकण बसवलं, त्यावर वाफ थंड करायला गार पाण्याचा वाडगा ठेवला, फटी कणकेनं लिंपल्या, सगळं मी सांगितलं तसं. मी जरा पाठ टेकायला आत गेले. बाहेर आले तर शेगडी धडधडून पेटली होती आणि नळीतून बाटलीत चक्क धार लागलेली.

हे खूश. "तू दिवसभर घालवतेस. मी बघ, बस सुटायच्या आत बाटली भरली."

तेवढ्यात वन्सं आल्या, यांच्या थोरल्या बहीण, बेय्या. फुलपाण्याच्या दिवसांत त्या घरोघरी वास घेत फिरतात आणि निकाल देतात. त्यांनी बाटली नाकाशी नेली, लांब धरली, पुन्हा नाकाशी नेली. "तिजानी," त्या म्हणाल्या, "हे फुलांचं काढलंस की टायरचं?"

भांड्याच्या तळाशी फुलं करपली होती. यांनी स्वतः वास घेऊन पाहिला. वन्सं गेल्यावरही किती वेळ बाटली हातात धरून उभे होते. बस चुकलेल्या माणसाचं तोंड तसं असतं. यांची बस कधी चुकलीच नव्हती, त्यामुळे मी ते तोंड पहिल्यांदाच पाहिलं.

अर्धी फुलं चादरीखाली शिल्लक होती. रविवारी सकाळी यांनी आपणहून भांडं घासलं. मी शेजारी स्टुलावर बसले आणि एवढंच सांगितलं, "थेंब पडायला हवा. धार लागली की समजा आच जास्त झाली. आणि वरच्या वाडग्यातलं पाणी कोमट झालं की बदला."

पहिल्यांदा यांचा पाय सारखा हलत होता, जणू खाली ब्रेक आहे. पाण्यात बोट घालायचे, काढायचे, परत घालायचे. हळूहळू बोट पाण्यातच राहिलं. थेंब पडत होता, मग थांबत होता, मग पुढचा पडत होता. पाय कधी थांबला ते माझ्याही ध्यानात आलं नाही.

बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "या भिंतीवर रोज या वेळेला ऊन येतं?"

"आपलं लग्न झाल्यापासून येतंय," मी म्हटलं.

जेवायला भाकर, ऑलिव्हचं तेल आणि बागेतल्या कोवळ्या शेंगा दिल्या. एक हात वाडग्यात अडकलेला, म्हणून हे एकेक दाणा सोलून खात होते. मध्येच म्हणाले, दाणे गोड आहेत. मी म्हटलं, दरवर्षी असतात.

दुपारी दारात हॉर्न वाजला. खमीस नवी गाडी घेऊन आला होता, उद्याच्या आधी एक चक्कर मारून बघ म्हणायला. इतकी वर्षं हॉर्न वाजला की हे उठायचे. मी यांच्याकडे बघितलंच नाही. पदर सारखा करावा तसं डोक्यावरचं फडकं उगाच सारखं करत राहिले.

"खमीस, आत ये," हे बसल्या जागेवरून म्हणाले. "आणि हॉर्न वाजवू नकोस."

खमीस आत आला. "चल, गाडी उभी आहे."

"बाटली भरायचीय."

"कधी भरेल?"

"संध्याकाळपर्यंत."

"मग उद्या सकाळी येतोस ना?"

यांनी वाडग्यात बोट घातलं. पाणी तापलं होतं. उठून ते बदललं, आच किंचित कमी केली, परत बसले. "उद्या बहिणीची फुलं येणार आहेत," हे म्हणाले. "मग कोपऱ्यावरच्या विधवेची. तिच्याकडे कुणी माणूस नाही. तू दुसरा ड्रायव्हर बघ, खमीस. माझ्याहून हळू चालवणारा बघ."

खमीसनं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, याला काय पाजलंत?"

"अजून काही पाजलं नाही," मी म्हटलं. "नवीन फुलपाणी लगेच पीत नाहीत, मुरू द्यावं लागतं."

तो बसला. कॉफी झाली. जाताना बाटलीत किती भरलंय ते वाकून बघून गेला.

वन्संनी दुसऱ्या बाटलीचा वास घेतला आणि बाटली नुसती खाली ठेवली. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

पहिली बाटली मी ओतून देणार होते. हे म्हणाले, ती माझी. जळका वास मुरल्यावर थोडा कमी होतो, पुरता जात नाही. पाहुण्यांना, लेकींना चांगलं पाणी. यांच्या कॉफीत मात्र रोज त्या बाटलीतले थेंब. कप घेऊन भिंतीजवळ बसतात, अनवाणी, ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत.

परवा मी विचारलं, चव कशी आहे?

हे कॉफीचा घोट तोंडात घोळवत राहिले. मला वाटलं ऐकलं नाही.

मग म्हणाले, "थांब. अजून संपली नाही."