दगडावरची दुसरी ओळ

छत्रीकाकांच्या छत्रीचा पावसाशी काही संबंध नव्हता. मिटलेली काळी छत्री उंच धरून ते जुन्या शहराच्या गल्ल्यांतून पुढे चालायचे आणि तिच्या टोकाकडे बघत वीस-पंचवीस पाहुणे मागून यायचे. तटबंदी, कारंज्याचा चौक, भांडी ठोकणाऱ्यांची गल्ली, घड्याळाचा मनोरा आणि शेवटी उत्तर दरवाजा, असा अडीच तासांचा फेरा. तेवीस वर्षं तोच. मनोऱ्याच्या कितव्या पायरीला लोकांचा दम संपतो, कोणत्या कमानीखाली आवाज घुमतो आणि कोणत्या भिंतीपाशी बायका नवऱ्यांना फोटोसाठी उभं करतात, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

माणूस तसा साधा. दोन खोल्यांचं घर, शिवणकाम करणारी बायको, मूलबाळ नाही. घरात विचारलं तेवढंच बोलणार. बाहेर पडून छत्री उचलली की मात्र तोंडाचा पट्टा सुरू. सनावळ्या त्यांना पाठ होत्या, पण सनावळी ऐकताना पाहुण्यांचे चेहरे कसे उतरतात हे त्यांनी पहिल्याच वर्षी पाहिलं. इतिहास नुसता खरा असून भागत नाही, तो लोकांना ऐकावासा वाटला पाहिजे, असं ते नव्या गाइडांना सांगायचे. ऐकवण्याच्या नादात खऱ्याचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

उत्तर दरवाज्याची गोष्ट त्यांनी दुसऱ्या वर्षी रचली. दरवाज्यातून आत शिरलं की डाव्या भिंतीत एक दगड आहे. वर हातात किल्ली घेतलेला माणूस कोरलेला आणि खाली जुन्या लिपीत एक ओळ: 'किल्लीवाला, ज्याने दार उघडले, तो हा.' त्या ओळीच्या लगेच खाली, भिंतीला चिकटून, तिकिटांचं लाकडी काउंटर. ती लिपी वाचणारे गावात दोघं-तिघंच, त्यांतले एक काका. त्या दुपारी ऊन रणरणत होतं, पाहुणे कंटाळले होते आणि एका बाईंनी जांभई आवरत विचारलं, "दार उघडलं म्हणजे कोणासाठी?"

काकांनी क्षणभर दगडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "शत्रूसाठी."

बाईंची जांभई जागच्या जागी विरली. काकांना आणखी काय हवं होतं? महिनाभरात गोष्टीला हातपाय फुटले. वेढा आला, उपासमार आली, जहागिरीचं आमिष आलं आणि दरवाज्याच्या किल्लीवाल्यानं फितूर होऊन किल्ली फिरवली. पुढच्या पिढ्यांनी तोंडावर थुंकावं म्हणून लोकांनी त्याची मूर्ती भिंतीत बसवली, असा शेवट. आणि त्यावर कळस म्हणून एक विनोद. दरवाज्यापासून वीसेक पावलांवर कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं, पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्याचं. काका छत्री तिकडे वळवून म्हणायचे, "हे त्यांचेच वंशज बरं का. कुलूप मजबूत मिळेल. फक्त जास्तीची किल्ली आठवणीनं मागून घ्या."

पाहुणे खो खो हसायचे. दुकानातला किल्लीवाला मान खाली घालून कानस चालवत राहायचा. तो ऐकत नसावा, अशी काकांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. वीस पावलांवरचं ऐकू येत नाही, असं म्हणायला कमानीखाली घुमणारा आवाज घेऊन जन्माला येऊ नये.

चांगली गोष्ट एकाच्या तोंडात राहत नाही. बाकीच्या गाइडांनी ती उचलली. पर्यटन कार्यालयानं फलकावर छापली. गावात कुणी कुणाचं गुपित फोडलं की लोक म्हणायला लागले, "यानं किल्ली फिरवली." काकांना तेव्हा अभिमान वाटला होता. आपण भाषेत भर घातली, असं ते बायकोला म्हणाले होते.

सात वर्षं अशी गेली आणि मग रंगकामासाठी ते काउंटर एका सकाळी हलवलं. काका लवकर आलेले, रंगारी चहाला गेलेले. काउंटरमागच्या जागेत धूळ, जुनी तिकिटं आणि दगडाचा उरलेला भाग होता. त्यावर दुसरी ओळ होती. काकांनी रुमालानं धूळ पुसली आणि वाचली. 'शहराला आग लागली, हुकूम मोडून याने दार उघडले, म्हणून आम्ही जगलो.'

त्यांनी ती दोनदा वाचली. रंगारी परत आले तेव्हा काकांनीच हातभार लावून काउंटर पुन्हा भिंतीशी सरकवलं. "मागचं कशाला रंगवता, दिसतंय कुणाला," असंही म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती मशीनवर होती. तिनं पाय थांबवला आणि म्हणाली, "मग उद्या सांगून टाका."

"बघू."

"बघायचं काय त्यात?"

"अगं, फलक लागलाय. लोक म्हणतील, सात वर्षं हा माणूस थापा मारत होता."

"मारतच होतात की," बायको म्हणाली आणि मशीन सुरू केली.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. काकांनीही काढला नाही. उद्या उद्या म्हणत चौदा वर्षं गेली; त्यांत किती उद्या झाले, ते मोजायची त्यांची हिंमत नव्हती. गोष्ट मात्र ते सांगत राहिले. आवाज तोच, थांबायच्या जागा त्याच. फक्त सांगताना दगडाकडे बघायचं त्यांनी सोडून दिलं.

यंदा पर्यटन कार्यालयातल्या मॅडमनी त्यांच्याकडे एक शिकाऊ गाइड पाठवली. बावीस-तेवीसची मुलगी, चालण्यात चपळ, वही-पेन घेऊन आलेली. "काका, मी किल्लीवाल्यांची," तिनं ओळख सांगितली आणि काकांच्या हातातली छत्री एकदम जड झाली.

"तुला गाइड का व्हायचंय?"

"दुकानात बसून रोज तुमचं ऐकतच मोठी झाले मी," ती हसून म्हणाली. "अर्धा फेरा तर पाठच आहे."

शिकवायला काका उत्तम होते, हे मात्र कबूल करायला हवं. चौकात उन्हाकडे पाठ करून पाहुण्यांना उभं करायचं, म्हातारं माणूस मागे पडलं तर बूट बांधायचं निमित्त करून थांबायचं, प्रश्न आला नाही तर आपणच कुणाच्या तरी नावावर एक विचारायचा, हे सगळं त्यांनी तिला दिलं. तीन महिने दिलं. पण ती बरोबर असली की उत्तर दरवाज्याला वळसा. आज ऊन आहे, आज गर्दी आहे, आज माझा गुडघा दुखतोय. तीन महिन्यांत काकांचा गुडघा जितका दुखला तितका आयुष्यात दुखला नव्हता.

एकदा कारंज्याच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या तिनं सहज सांगितलं, "शाळेत मला फितूर म्हणायचे. माझ्या शेजारी डबा ठेवायचे नाहीत. आधी भांडायचे मी, मग सवय झाली. बाबा म्हणायचे, आपल्या माणसानं केलंय तर ऐकून घ्यायला हवं."

काकांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आत्ता सांगावं, असं ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "पाणी पिणार का?"

परीक्षेच्या दिवशी मॅडम, चार जुने गाइड आणि काका असे सहाजण तिचे पाहुणे झाले. तटापासून मनोऱ्यापर्यंत तिनं असा फेरा घडवला की जुने गाइड एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग ती उत्तर दरवाज्यात शिरली. काकांनी आदल्या दिवशी तिला म्हटलं होतं, हे सोडून दे. ती म्हणाली होती, "मॅडमच्या यादीत आहे ना काका. मी वगळलं तर म्हणतील, घरचं म्हणून लपवलं."

तिनं काहीही लपवलं नाही. वेढा, उपासमार, आमिष, फितुरी. काकांचे शब्द, काकांच्या थांबायच्या जागा, 'थुंकावं' म्हणताना काका जो श्वास घेतात तोसुद्धा. मग तिनं दुकानाकडे हात केला. आत तिचा बाप कानस चालवत होता. "हे त्यांचेच वंशज," ती म्हणाली. "फक्त जास्तीची किल्ली आठवणीनं मागून घ्या."

सवयीनं गाइड हसले. मग कुणाची मुलगी बोलतेय ते लक्षात येऊन गप्प झाले. ती स्वतःही हसत होती, पण कपाळावर घाम होता आणि दुकानाकडे केलेला हात तिनं पटकन खाली घेतला.

काकांना इतकी लाज कधीच वाटली नव्हती. लाज म्हणजे कान गरम होणं, एवढंच त्यांना आजवर माहीत होतं. ही लाज गुडघ्यांत उतरली. ते पुढे झाले, काउंटरला खांदा लावला आणि म्हणाले, "जरा हात द्या."

काउंटर सरकलं. काकांनी दुसरी ओळ मोठ्यानं वाचली. मुलीला ती लिपी येत नव्हती. तिनं अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "परत वाचा ना काका." त्यांनी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. ती रडायला लागली.

"पण तुम्हाला कळलं कसं?" मॅडमनी विचारलं.

हाच तो क्षण होता. तेवीस वर्षं पल्लेदार वाक्यं बोलणाऱ्या माणसाला एक सरळ वाक्य बोलायचं होतं. काका म्हणाले, "दगड खाली अर्धवट वाटायचा. आज म्हटलं, बघावं तरी."

मग कौतुकाला ऊत आला. फलक उतरला. वर्तमानपत्रात काकांचा छत्रीसकट फोटो आला, खाली 'अनुभवी नजरेचा शोध' असं लिहिलेलं. मुलगी उत्तीर्ण झाली. बायकोनं तो पेपर वाचला, नीट घडी घातली आणि एवढंच विचारलं, "कधी दिसली म्हणालात ती ओळ?" काका जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी किल्लीवाला घरी आला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. बसायला सांगितलं तरी बसेना, दारातच उभा. त्यानं हात जोडले. "काका, उपकार झाले तुमचे. कसं फेडावं कळत नाही." बोलता बोलता त्याचं लक्ष दाराच्या कडीकडे गेलं. "ही सैल झालीय," म्हणत त्यानं खिशातून पेचकस काढला आणि खाली बसून स्क्रू आवळायला लागला. माणसाला बोलणं जमत नाही तेव्हा हात कामाला लागतात, तसे त्याचे लागले. "लोक दुकानात येऊन बोलायला लागलेत हो. कालच एक गाइड येऊन माफी मागून गेला. त्याचा काय दोष म्हणा, तुम्हालाच परवा कळलं."

आतली मशीन थांबली होती. बायको ऐकत होती, हे काकांना कळलं. ती नसती तरी बहुधा त्यांनी सांगितलं असतं, पण ते काही खात्रीनं म्हणता येत नाही.

"परवा नाही," काका म्हणाले. "मी ती ओळ चौदा वर्षांपूर्वी वाचलीय. काउंटर हललं होतं तेव्हा. मीच परत लावलं."

पेचकस थांबला. किल्लीवाल्यानं वर पाहिलं नाही.

"आणि आधीची गोष्ट?"

"ती माझीच. कुठे लिहिलेली नव्हती."

रस्त्यावरून एक सायकल गेली.

"चौदा वर्षांपूर्वी," किल्लीवाला म्हणाला, "माझे वडील होते."

त्यानं पेचकस दुसऱ्या हातात घेतला.

"तुमची छत्री कोपऱ्यावर दिसली की ते आत जाऊन बसायचे. दिवसाला तीन फेरे तर तीन वेळा. शेवटी शेवटी उठवत नव्हतं, तर म्हणायचे, मला धरून आत ने. मी न्यायचो." त्यानं श्वास घेतला. "तीन वर्षांनी गेले ते. जाताना म्हणाले, मुलीचं लग्न लांबच्या गावात कर."

काका भिंतीला टेकले. माफी मागायची होती, पण त्या शब्दाचीच त्यांना शरम वाटली. किल्लीवाल्यानं उरलेले दोन स्क्रू आवळले, कडी लावून बघितली, काढून बघितली आणि उठून उभा राहिला.

"पेपरातला तुमचा फोटो मुलीनं दुकानात चिकटवलाय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तो मी काढणार नाही. आत्ता ती दुकानातच आहे. तुम्ही येऊन तिला सांगा, मग काढायचा की ठेवायचा, तिचं ती बघेल."

तो पायऱ्या उतरून गेला. बायकोनं आतून चपला आणून काकांच्या पुढ्यात ठेवल्या. काकांनी त्या घातल्या आणि छत्री न घेता बाहेर पडले.