आजोबांच्या भिंतीची उंची

गावात तिला सगळे वाऱ्याबाई म्हणत. बंदराच्या टोकाला हवामान खात्याचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि तिचं अर्धं आयुष्य त्या खोल्यांत गेलं होतं. गच्चीवर वारा मोजायचं यंत्र गरगरायचं, खाली धक्क्याला भरतीची पातळी टिपणारं दुसरं. तिनं वादळाचा इशारा दिला की होडीवाले निमूट होड्या वर ओढून घेत. उद्याचं ती सांगेल ते सगळ्यांना पटायचं. पण पुढच्या वीस-तीस वर्षांचं काही बोलली की तीच माणसं म्हणत, ‘बाई दमल्या असतील, चहा द्या त्यांना.’

या गोष्टीनं तिचं डोकं फिरायचं. तरी लोकांना नीट समजत नाही म्हणून पटत नाही, अशीच तिची समजूत होती. म्हणून तिनं मोठे तक्ते काढले, ठळक रंग भरले आणि शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. समुद्र चढतोय, किनाऱ्याची भिंत आहे त्याहून निदान कमरेएवढी उंच करायला हवी, असं तिनं मांडलं.

ती भिंत साधी नव्हती. एका पुरानंतर तिच्याच आजोबांनी गाव गोळा करून, खांद्यावर दगड वाहून ती उभी केली होती. कुणाच्या आजीनं बाळंतपणातून उठून माती कालवली, हे घराघरांत सांगितलं जायचं. तिचा थोरला भाऊ गवंडी. भिंतीची डागडुजी तोच करायचा, कुणी न सांगता.

सभेत निवृत्त हेडमास्तर उठले. “बाई, तुमच्या आजोबांची भिंत कमी पडणार, हे तुम्ही सांगताय?”

“भिंतीत खोट आहे असं मी म्हटलंच नाही. समुद्र बदललाय.”

“समुद्र बदलत नसतो,” मागून दादाचा आवाज आला. “माणसं बदलतात.”

टाळ्या पडल्या. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. तिनं तक्ते गुंडाळून काखेत मारले.

ती तशीच दादाच्या घरी गेली. तो स्वयंपाकघरात जेवायला बसला होता, वहिनी भांडी पुसत होत्या.

“दादा, उद्या वादळ येणार म्हटलं की सगळ्यांबरोबर होड्या ओढायला धावतोस. मग हे का ऐकत नाहीस? यंत्रं तीच आहेत ना?”

“ते निराळं,” दादा शांतपणे म्हणाला. “होडी ओढली म्हणून कुणाचा आजा खोटा ठरत नाही.”

या वाक्यावर तिच्याकडे तक्ता नव्हता.

तेवढ्यात वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या, “पण आजोबांना भिंत अजून हातभर उंच हवी होती ना? दगड संपले म्हणून राहिली, असं सासूबाई म्हणायच्या.”

दादाचा घास हातातच राहिला.

पुढच्या सभेत तोच बोलला. आजोबांचं अपुरं राहिलेलं काम पुरं करायचं, एवढंच. सगळे हात वर गेले. सुट्टीच्या दिवशी अख्खं गाव दगड वाहायला आलं. हेडमास्तर तिला ऐकवून गेले, “बघा, आकड्यांवाचून काम झालं.”

“झालं कुठे? कमरेएवढी वाढवायला हवी, तुम्ही हातभरच वाढवताय.”

“आजोबांना तेवढीच हवी होती.”

“आजोबांना काय विचारता? समुद्राला विचारा.”

हेडमास्तर दगडांच्या रांगेकडे वळले. तीही मग दातओठ खात दगड वाहू लागली. हातभर तर हातभर, नसल्यापेक्षा बरी.

वर्ष सरायच्या आत मोठ्या भरतीला पाणी भिंतीवरून आलं. खालच्या गल्लीत घोटाभर चिखल साचला. लोक म्हणाले, आजोबांची पुण्याई, नाहीतर गळ्यापर्यंत आलं असतं. दादा दारातला चिखल ओढत होता तिथे ती जाऊन उभी राहिली.

“आता तरी वाढवशील?”

“आता कशी वाढवू? आजोबांनी हातभर सांगितली होती. आणखी चढवली तर त्यांचा अंदाज चुकला असं होईल.”

तिनं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली. “मला वाटलं होतं, हातभर तरी होईल,” त्या हळूच म्हणाल्या. “सासूबाई असं काही बोलल्या नव्हत्या.”

दादानं ऐकलं की नाही कळलं नाही. त्याचं फावडं चालूच राहिलं.

तिला रडू येत होतं आणि कुणाला तरी बदडावंसंही वाटत होतं. शेवटी तिनं कोपऱ्यातला खराटा उचलला आणि भावाच्या दारातला चिखल रागारागानं गटाराकडे लोटायला सुरुवात केली.