डोहाकडून खळाळाकडे

प्रा. यादवराव खेडीकर सरांची माझी पहिली भेट प्राणिशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत झाली. मराठी माध्यमातून आलेली, बोलण्याचा फारसा सराव नसलेली मी दाराशीच उभी होते. सरांनी ट्रेमधील मासा दाखवून विचारले, "हे काय आहे, सांग बेटा." मी हळूच 'मरळ' म्हणाले, शास्त्रीय नाव आठवेना. "नाव बरोबर आहे. दुसरं पुस्तकात सापडते. ये, आत ये," सर म्हणाले.

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी ज्येष्ठ सहकारी अधिकाराने लिहितीलच. मी ज्या एका कामात त्यांची साहाय्यक होते, तेवढ्यापुरतेच लिहिते.

आमच्या भागातील एका नदीवर धरण होणार आहे. पाणी अडवण्यापूर्वी तेथे कोणते मासे आहेत, याची पाहणी सरांकडे सोपवण्यात आली होती. हिवाळाभर आम्ही ती केली. सापडलेले सर्व मासे उद्याच्या जलाशयातही जगू शकतील, असा निष्कर्ष मसुद्यात निघाला. प्रकल्प कार्यालयास तो सोयीचा होता. सरांची सही तेवढी राहिली होती.

प्रताप नगरातील घरी, जेवणाच्या टेबलावर सर मसुदा वाचत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारले, "आपण जाळं कुठं कुठं टाकलं?" मी जागा सांगितल्या. सगळे डोह होते. डोहात जाळे सहज ओढता येते. खळाळात, म्हणजे उथळ धावत्या पाण्यात, ते दगडांना अडकून फाटते. सर स्वतःशीच हसले.

"म्हणजे आपण संथ पाण्यातले मासे पकडले आणि लिहिलं, की हे संथ पाण्यात जगतील!"

"मंग सही करून नाही राहिले काय?" चहा ठेवत सरांच्या पत्नी, आमच्या काकूंनी विचारले. "मी तर पेढे आणले ना!"

"पेढे दे. सही राहू दे."

धावत्या पाण्यातले मासे अहवालात आले नसते, तर धरण भरल्यावर ते नाहीसे झाले तरी ते कधीकाळी तिथे होते, हेही कोणाला कळले नसते. सरांनी मुदत वाढवून मागितली. "सर, बोटभर माशांसाठी काम काहून थांबवता?" असे प्रकल्प कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी दूरध्वनीवर विचारले. सरांचा आवाज चढला नाही. "मी धरण थांबवून नाही राहिलो साहेब, सही थांबवून राहिलो." विभागाच्या बैठकीत, जागांची निवड आपलीच होती आणि ती चुकली, एवढेच त्यांनी सांगितले.

आम्ही पुन्हा नदीवर गेलो. पाहणीत आम्हाला डोंग्यातून नेणारे बापूराव काठावरून म्हणाले, "गोट्यात जाळं काहून टाकता सर? फाटते ना!"

"फाटू द्या गा, बापूराव."

सर वरच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उभे राहून दगड हलवीत. मी खालच्या अंगाला हातजाळी धरून उभी असे. उठलेला मासा प्रवाहाबरोबर जाळीत येई. असाच एक चपट्या पोटाचा, बोटभर मासा आला. ट्रेमध्ये ठेवला, तर तो तळाला चिकटूनच बसला.

"एवढुसा! याची भाजी तरी होते काय?" बापूराव म्हणाले.

"नाही होत. म्हणून तर बाजारात कधी दिसला नाही."

छायाचित्र व मोजमाप झाल्यावर सरांनी तो ज्या दगडाखालून आला, त्याच दगडापाशी सोडला. प्रत्येक मासा मूळ जागी परत, हा त्यांचा नियम आहे. पाठ कितीही दुखत असली तरी.

नवे प्रकरण लिहिताना माझे इंग्रजी अडू लागले. "आधी मराठीत लिही. जे दिसलं ते लिही. इंग्रजी आपण बसून करू," सर म्हणाले. त्याप्रमाणे ते बसले, आणि त्या प्रकरणाखाली त्यांनी माझे नाव घातले. मी संकोचाने नको म्हटले. "जाळी कोणी धरली होती?" एवढेच त्यांनी विचारले.

केवळ धावत्या पाण्यात राहणाऱ्या माशांना जलाशयात जागा उरणार नाही. म्हणून वरचा एक पट्टा वाहता ठेवावा, अशी शिफारस सुधारित अहवालात आहे. त्यावर निर्णय अद्याप झालेला नाही.

सरांच्या मते हे काम निम्मेच झाले आहे. धरण भरल्यानंतर त्याच जागी पुन्हा पाहणी करून दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय ते पुरे होत नाही. त्यासाठी सरांना उदंड आयुष्य लाभो, आणि वाहत्या पाण्यात उभे राहतील असे बळकट गुडघेही. हातजाळी घेऊन मी खालच्या अंगाला उभी असेन.