काळपट चाकू

घाटकोपरच्या नाक्यावर बाबांचं धार लावायचं चाक थांबलं, की घरातली चूल थांबायची. आज शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला आणि ती दुपार आठवली.

बाबांनी घडीचे दोन जुने चाकू तेल घालून आमच्यापुढे ठेवले. "चांगला जी ओळखेल, तिचा."

मी चकचकीत उचलला. धाकट्या सुमीने दोन्ही कानाशी धरून उघडले आणि काळपट घेतला. "ताई, बघतेस काय गं? ऐक ना! हा खट्कन बसतो. तुझा लुळा आहे."

"माझा कान आलाय हिला," बाबा हसले. मला म्हणाले, "तू जा, अभ्यास कर."

जळफळाट झाला माझा. रागारागानेच शिकले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. चाकू मात्र सुमीकडे आहे, आणि तो मला अजून हवाय.