भावोजी आणि बिनतोंडाची गाडी

माझे भावोजी डेंटर आहेत. ठोकलेली गाडी त्यांच्याकडे येते, ते पत्रा सरळ करतात, पुट्टी भरतात, घासतात, रंग मारतात आणि तिला परत माणसांत आणतात. गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, गाड्यांचे चेहरे राहतात. "ते दात पुढे असलेल्या गाडीवाले आले होते का?" असं ते खुशाल त्या माणसासमोरच विचारतात. एकदा त्या माणसाचेही दात पुढे होते. तो पुन्हा आला नाही.

हेडलाइट म्हणजे डोळे, बंपर म्हणजे हनुवटी आणि मधली जाळी म्हणजे तोंड, हा त्यांच्या धंद्याचा पाया. गाडी जाळीतून श्वास घेते, आत इंजिन गार राहतं, म्हणून जाळी असली तरच गाडी जिवंत. त्यामुळे रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या दिसायला लागल्या आणि त्यांची तोंडं सपाट निघाली, तेव्हा भावोजींना तो आपला वैयक्तिक अपमान वाटला.

चहाच्या वेळी ते गॅरेजबाहेर बादली पालथी घालून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवर निकाल देतात. त्यांचं घर गॅरेजच्या मागे आणि माझं कपडे अल्टर करायचं दुकान गॅरेजला लागूनच असल्यामुळे हे निकाल मला फुकट ऐकायला मिळतात.

"ही बघ. उशीला अभ्रा घातलाय नुसता."

मग आडवी दिव्याची पट्टी असलेली एखादी येते. "ही आंधळी कोशिंबीर खेळायला निघालीय."

एका कंपनीने सपाट पत्र्यावर नुसता जाळीचा आकार उठवला होता. तिच्यावर तर त्यांचा फार राग. "ही ढोंगी आहे. तोंड आहे पण उघडत नाही. दाताच्या डॉक्टरकडे घेऊन चाललेत वाटतं."

मी एकदा म्हटलं, "भावोजी, त्या गाडीला इंजिनच नाही. तिला एवढी हवा लागत नाही. मग जाळी हवी कशाला?"

"तुला भुवयांनी ऐकू येतं का? मग ठेवल्यास कशाला?"

मी परत मशीनवर जाऊन बसले. वाद घालायचा तर समोरच्याकडेही थोडी अक्कल लागते.

आणि नेमकी अशीच गाडी त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या ताईने, घेतली.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकाला आरशासमोर बसवायचं, एकामागून एक फ्रेम चढवायची आणि त्याला शोभेल ती सापडेपर्यंत कंटाळायचं नाही, हे तिचं काम. दिवसभर ती लोकांना "छान दिसतंय" म्हणत असते. तिला मात्र असं म्हणणारं घरात कुणी नाही. भावोजी वाईट नाहीत हो, पण कौतुक करायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसते.

गाड्यांतच जन्म काढलेल्या या माणसाने बायकोला कधी गाडी शिकवली नाही. "रोज चेपलेल्या गाड्या बघतो, छाती होत नाही," असं ते सांगायचे. ताईच्या मनात वेगळंच बसलं होतं. मला जमणार नाही असं यांना वाटतं, असं ती धरून चालली होती. मग मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली तेव्हा तिने पदर खोचायच्या आवेशात ड्रायव्हिंग स्कूल लावलं, पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं आणि भावोजींना न विचारता गाडी पसंत केली. फिकट हिरवी, गोलमटोल, पुढून धुतलेल्या ताटासारखी स्वच्छ.

गाडी दारात आली तेव्हा आम्ही सगळे बाहेर आलो. भावोजी फडक्याला हात पुसत आले आणि गाडीच्या पुढे उभे राहिले. ताई त्यांच्याकडे बघत होती. त्या वेळी तिला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता. "छान" तर दूरच, "बरी आहे" म्हणाले असते तरी तिने त्यावर भागवलं असतं.

भावोजी म्हणाले, "तोंड कुठाय?"

"नाहीये," ताई म्हणाली. "घरात एक तरी बिनतोंडाचं असू दे."

शेजारीपाजारी हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. पण संध्याकाळी ताई माझ्या दुकानात आली, शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "जगातल्या सगळ्या गाड्यांना हा माणूस हात लावतो. माझ्या गाडीला साधं बोटसुद्धा लावलं नाही गं." आणि ती रडली. मला भावोजींचा असा संताप आला की दुरुस्तीला आलेली त्यांची पँट मी मुद्दाम उसवलेलीच ठेवली.

पुढे भावोजींनी त्या गाडीत बसायलाच नकार दिला. "जिला तोंड नाही तिच्या पोटात मी शिरणार नाही," म्हणाले. बाजाराला दोघं निघायची, ताई गाडीतून आणि भावोजी बसने. तिथे भेटायची, मिळून भाजी घ्यायची आणि पुन्हा आपापल्या वाटेने परतायची. भाजी गाडीत, नवरा बसमध्ये. आमची आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची की कोबी हल्ली जावयापेक्षा आरामात येतो.

त्यानंतर गॅरेजचं शटर मधूनमधून दुपारी बंद दिसायला लागलं. आतून ठोकाठोक, मग कानशीचा आवाज, मग पॉलिशचा वास. मला वाटलं, कुणाचं तरी घाईचं काम असेल. एका शनिवारी ताई कामाला चालत गेली होती, गाडी दारातच होती. ती परत आली तेव्हा गाडीला तोंड आलेलं होतं.

भावोजींनी स्टीलच्या पट्ट्या कापून, वळवून, आरशासारख्या घासून हाताने जाळी बनवली होती आणि ती गाडीच्या सपाट भागावर घट्ट बसवली होती. काम बघाल तर एक नंबर. बंपरवर पार्किंगसाठी गोल बटणं असतात, तीसुद्धा झाकली जाऊ नयेत म्हणून त्यांनी तेवढी जागा मोकळी सोडली होती. पण गाडी अशी दिसत होती की नवी कवळी बसवून कुणी फोटोला बसलंय.

आता इथे भांडी वाजणार, म्हणून मी दुकानातली कात्री तशीच हातात धरून बाहेर आले. ताईने जाळीवरून हात फिरवला.

"हे तुम्ही केलंत?"

"मग काय झाडाला लागलं होतं?"

ताईचा चेहरा लाल झाला. रागाने नव्हे, हे मला जरा उशिरा कळलं. घरात गेल्यावर ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "दिसते भयंकर. पण हात तर लावला."

दुसऱ्या दिवशी तिने मला आणि आईला फिरायला न्यायचं ठरवलं. भावोजी अजून बसायला तयार नव्हते, पण त्यांचा सूर नरमला होता. "तुम्ही जाऊन या. पुढच्या वेळी बघू," म्हणाले आणि निघताना त्यांनी जाळीवर एक शेवटचं फडकं मारलं.

गल्लीतून गाडी झकास निघाली. मोठ्या रस्त्याला लागून ताईने जरा वेग घेतला आणि गाडी एकदम किंचाळली. पडद्यावर लाल अक्षरं आली, ब्रेक लागला आणि आम्ही तिघी पुढे झुकून परत मागे आलो. समोर रस्ता रिकामा.

"कोण आलं?" मागून आईने विचारलं.

"कुणी नाही, आई."

"मग थांबलीस कशाला?"

ताई पुन्हा निघाली. गाडी पुन्हा किंचाळली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तर भर चौकात. मागचा ट्रकवाला खाली उतरला. कुणीतरी चाकाखाली आलं असणार म्हणून त्याने वाकून गाडीखाली बघितलं. कुणी सापडलं नाही. मग त्याने पुढे जाऊन जाळी बघितली, बराच वेळ बघितली, आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की घरात काही वाईट झालंय का असं आता विचारेल, असं वाटलं.

"गाडीतच बिघाड असेल," मी म्हणाले.

"परवापर्यंत नीट चालत होती." ताईने आरसा पुन्हा नीट केला. "आज तुम्ही दोघी बसलात आणि मी घाबरले. माझंच काहीतरी चुकतंय. नक्की माझंच."

ती गाडी तिने मुंगीच्या पावलांनी घरी आणली. हळू चालवली की गाडी गप्प राहत होती. वाटेत पायी चाललेले एक गृहस्थ आमच्या पुढे गेले, तेव्हा आईने त्यांना काचेतून हात केला.

भावोजी दारातच उभे होते. "कशी वाटली?"

ताईने चावी टेबलावर ठेवली. "विकून टाका. तुमचंच खरं होतं. मला नाही जमत." आणि तिने आत जाऊन दार लावून घेतलं.

भावोजी बावचळले. "तिला जमणार नाही असं मी कधी म्हटलं?"

"जमेल असं कधी म्हटलंत?" मी विचारलं.

मग गाडीने काय काय केलं ते मी सांगितलं. त्यांनी नेहमीच्या सवयीने एक विनोद करून बघितला, "आता तोंड आलंय, ओरडणारच की." कुणी हसलं नाही. आईसुद्धा नाही, आणि आई जावयाच्या विनोदाला भिडेखातर तरी हसतेच. मी सरळ शोरूमच्या मेकॅनिकला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पुढच्या बाजूला काही लावलंय का, मॅडम?"

"जाळी लावलीय."

"प्लास्टिकची?"

"स्टीलची."

त्याने फोनवर हात ठेवून कुणाला तरी काहीतरी सांगितलं आणि तिकडे हशा पिकला. परत आल्यावर तो कसाबसा गंभीर होऊन म्हणाला, "त्या गुळगुळीत भागाच्या मागे सेन्सर असतो. पुढे काय आहे ते गाडी त्यातून बघते. त्यावरच तुम्ही स्टील बसवलंत. गाडीला वाटतंय, समोर भिंत आहे. म्हणून ती स्वतःच ब्रेक मारते."

भावोजींनी दारातून गाडीकडे बघितलं. बायकोच्या गाडीला तोंड द्यायच्या नादात त्यांनी तिचे डोळे झाकले होते.

"मी गुपचूप काढून टाकतो," ते हळूच म्हणाले. "गाडी आपोआप सुधारली, असं सांगू."

"आणि ताई? तीही आपोआप सुधारणार आहे का?"

ते हत्यारं घेऊन बाहेर गेले. बराच वेळ खरवडल्याचा आवाज येत होता. जाळी हातात घेऊन ते आत आले आणि ताईच्या दारासमोर उभे राहिले.

"अगं, ऐक."

"विकलीत का?" आतून आवाज आला.

"ब्रेक तू मारत नव्हतीस. गाडी मारत होती. मी जाळी चुकीच्या जागी लावली, तिला पुढचं दिसेना. चूक माझी आहे. तुझं काही चुकलं नाही."

आईने मला कोपराने ढोसलं. मग कडी वाजली आणि ताई दारात आली. डोळे सुजले होते. भावोजींकडे नाही, जाळीकडे नाही, कुठेच न बघता तिने विचारलं, "म्हणजे मला गाडी येते?"

"येते."

"नीट म्हणा."

भावोजींच्या कपाळावर घाम आला. हे शब्द त्यांना पत्रा ठोकण्यापेक्षा जड जात होते. "तुला गाडी येते. येतेच. ज्यांना येत नाही ते सगळे शेवटी माझ्या गॅरेजात येतात, मी त्यांना ओळखतो. तू त्यातली नाहीस. गाडी वेड्यासारखी करत होती, या दोघी बोंबलत होत्या, तरी तू एक ओरखडा न येता घरी आणलीस. मला जमलं नसतं."

"मी बोंबलले नाही," आई म्हणाली.

ताईने टेबलावरची चावी उचलली. भावोजी घाईघाईने चपला शोधायला लागले. "थांब, मीपण येतो."

"आत्ता नाही," ताई म्हणाली आणि एकटीच बाहेर पडली.

आम्ही बाहेर आलो तोवर गाडी सुरू झाली होती. भावोजींच्या एका पायात त्यांची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात माझी. ताईने इंडिकेटर दिला, आरशात बघितलं आणि सुरेख वळण घेऊन ती निघून गेली.

"मागून बरी दिसते," भावोजी म्हणाले.

"मला काय सांगता? तिला सांगा."

ते पायरीवर बसले. थोड्या वेळाने गाडी समोरून आली, तसे ते ताडकन उठले. ताई सरळ पुढे बघत गेली. ते बसले. दुसरी फेरी आली, ते पुन्हा उठले. ताई चांगल्या वेगात होती, काच खाली होती आणि ती काहीतरी गुणगुणत होती. थांबायचं नाव नाही. आईने खुर्ची मागवली आणि आरामात बघत बसली. दर वेळी गाडी दिसली की आमचे भावोजी दोन वेगवेगळ्या चपलांत उभे राहायचे आणि गाडी गेली की बसायचे. मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

शेवटी त्यांना राहवेना. ते रस्त्यात उतरले आणि त्यांनी हात केला.

गाडी त्यांच्यासमोर अलगद थांबली. या वेळी ब्रेक ताईने मारला होता.