ज्ञात-अज्ञातांतले सहदेव परब

आमच्या मुलुंडच्या ग्रंथालयात कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी माइकसमोर मी उभी राहते. आभारप्रदर्शन. एकवीस वर्षं हे काम माझ्या गळ्यात आहे आणि खरं सांगायचं तर मला त्याचा वीट आलाय. 'आता आभार मानतील पद्मजाताई' एवढं ऐकलं की लोक पिशव्या आवरायला लागतात. ऐकत कुणी नाही. पण चिठ्ठीतलं एखादं नाव राहून गेलं की तो माणूस वर्षभर माझ्याशी बोलत नाही, मग तो त्या दिवशी घरी का बसलेला असेना.

चिठ्ठीचा शेवट ठरलेला असतो: 'आणि ज्यांनी ज्यांनी ज्ञात-अज्ञातपणे हातभार लावला, त्या सर्वांचे आभार.' सहदेव परबांची सोय एवढी वर्षं त्या वाक्यात झाली होती.

सहदेव आमचे शिपाई. राहायला भांडुपला, गाव कणकवलीकडचं. वडील परळच्या गिरणीत होते. संपात नोकरी गेली आणि सहदेवांची शाळा सुटली. बरीच वर्षं मिळेल ते काम केल्यावर ते ग्रंथालयात लागले, त्याला आता एकतीस वर्षं झाली. खुर्च्या मांडणं, माइक लावणं, चहा करणं, सगळं त्यांच्याकडे. खुर्च्यांच्या बाबतीत तर त्यांचा हात कुणी धरणार नाही. कार्यवाह म्हणणार, शंभर मांडा. सहदेव आधी विषय विचारणार. कविता असली तर चाळीस. आरोग्य असलं तर नव्वद. मधुमेह असला तर जिन्यातही माणसं बसतात. ते मोजून तेवढ्याच मांडत. "रिकाम्या खुर्च्यांसमोर पावण्याला बोलायला लावू नये," म्हणत. कित्येक वक्ते 'मुलुंडला सभागृह भरतं बरं का' असं सांगत घरी गेले, ते सहदेवांमुळे.

माइक तपासायला ते मलाच उभं करत. नुसतं हॅलो हॅलो म्हणायला मला लाज वाटायची, म्हणून मी रिकाम्या सभागृहात आभाराची चिठ्ठीच वाचायचे. असंच एकदा शेवटचं वाक्य संपलं तेव्हा त्यांनी मागच्या रांगेतून विचारलं, "मॅडम, ह्यो अज्ञात म्हणजे मीच मां?"

मी हसले. ते हसले नाहीत, वायर गुंडाळायला लागले. माझ्या मनात ते कुसळासारखं राहिलं.

यंदा सहदेव निवृत्त होणार होते. एप्रिलअखेरची तारीख, आणि त्याआधी व्याख्यानमालेचं शेवटचं पुष्प. खाडीकाठच्या गावांवर बोलायला शर्मिष्ठाबाई येणार होत्या, ट्रॉम्बेहून. मी कार्यवाहांकडे, देवव्रत सरांकडे गेले आणि म्हटलं, "या वेळी आभारात सहदेवांचं नाव घेते."

"पद्मजाताई, एकाचं घेतलं की बाकीचे रुसतात. तुम्ही 'कर्मचारी वृंद' म्हणा ना. त्यांचं आपण ऑफिसात करू काहीतरी. वडापाव, शाल."

वडापाव, शाल. मला असा राग आला, की 'बरं' एवढंच म्हणून मी बाहेर पडले आणि घरी येऊन नवी चिठ्ठी लिहिली. सहदेवांचं नाव सगळ्यात वर घातलं. खाली घातलं असतं तर खुर्च्यांच्या आवाजात गेलं असतं. दोन वाक्यं लिहायला मला सगळी संध्याकाळ लागली.

रविवारी दुपारी त्यांनी नेहमीप्रमाणे मला माइकवर बोलावलं. मी गेल्या वर्षीची चिठ्ठी वाचली. नवी पर्समध्ये ठेवली होती. त्यांना ती सर्वांसमोरच ऐकू जायला हवी होती.

खुर्च्या पंचेचाळीस मांडल्या होत्या. माणसं त्रेचाळीस आली. शर्मिष्ठाबाई चांगल्या बोलल्या, पण वीस मिनिटं जास्त बोलल्या. मी उठले तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजोबांनी काठी हातात घेतलेली होती. तरी मी सावकाश वाचलं: "या सभागृहातली प्रत्येक खुर्ची एकतीस वर्षं ज्यांनी आपण येण्याआधी मांडली आणि आपण गेल्यावर उचलली, ते सहदेव परब या महिन्यात निवृत्त होत आहेत. आजचे पहिले आभार त्यांचे." आणि मान वर करून दाराकडे पाहिलं. व्याख्यान चालू असताना ते तिथेच उभे असतात.

दारात कुणीही नव्हतं.

दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. "हे कोण गं?" कुणीतरी शेजारणीला विचारलं. "असतील देणगीदार," शेजारीण म्हणाली. देवव्रत सर छताकडे बघत होते. मी उरलेली नावं कशीबशी संपवली. एकही राहिलं नाही.

खाली जिन्याशी सहदेव चहा गाळत होते. मला बिनसाखरेचा कप दिला.

"तुम्ही वर का नव्हता?" माझा आवाज चढला होता.

"आभार सुरू झाले की मी खाली येतो ना, मॅडम. लोक उतरायच्या आत कप भरायला लागतात."

एकवीस वर्षं. माझी मान चिठ्ठीत असायची. मी उभी राहिले की हा माणूस जिना उतरतो, हे मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

"आज तुमचं नाव घेतलं मी. पहिलंच."

त्यांचा हात थांबला. गाळणीतून चहा बशीत सांडला. "खराच?"

"हो."

ते पुन्हा कप भरायला लागले. लोक येत होते, कप उचलत होते, वेफर्स संपले का विचारत होते. सगळे चहा पिऊन गेल्यावर ते माझ्याशी क्वचितच बोलतात त्या घरच्या भाषेत हळूच म्हणाले, "मगे माइकचो आवाज वाढवूक होयो होतो. खाली ऐकाक इलो असतो."

मला रडू येईलसं वाटलं. मी पर्समधून चिठ्ठी काढली. "थांबा, वाचून दाखवते. दोनच वाक्यं आहेत."

सहदेवांनी वर रिकाम्या झालेल्या सभागृहाकडे पाहिलं, आणि रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करायला लागले.

"आता नको, मॅडम. लोक गेले."